‘रोझ बाउल’ची कधीच जाहिरात झाली नाही, हे साफ खोटे आहे

गेल्या आठवड्यात पुण्यात व्यवस्थापन शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, “मावशी, तू पॅसाडीनाजवळच राहतेस, हे बरोबर आहे ना? मी प्रकल्पात घेतले आहे.” तोवर हाच संदेश आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गटात दोनदा आणि माहेरच्या गटात एकदा येऊन गेला होता, आणि मी तो दुर्लक्षून सोडून दिला होता. ती चूक झाली.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहरात असलेल्या रोझ बाउल या ऐतिहासिक मैदानावर 1902 पासून एकही वर्ष न चुकता महाविद्यालयीन अमेरिकी फुटबॉलचा सामना होतो. विजेत्यांना गुलाबपाण्याने भरलेला वाडगा देतात, म्हणून त्याला ‘बाउल’ म्हणतात. अमेरिकी लोक धर्मनिष्ठ असल्यामुळे हा सामना रविवारी होत नाही. त्याने एकाही कंपनीचा पैसा घेतलेला नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याची कधीच जाहिरात करावी लागली नाही, कारण इतिहास आपोआप विकला जातो. तेव्हा जुन्या वास्तूंनी जाहिरातीवर खर्च करणे हा मूर्खपणा आहे.

हे शेवटचे वाक्य भाच्याने प्रकल्पाचा निष्कर्ष म्हणून जसेच्या तसे उचलले होते, म्हणून आधी त्याच्याकडेच वळते. हा सामना ज्या उत्सवातून जन्मला तो उत्सवच मुळात एक जाहिरात होता. टूर्नामेंट ऑफ रोझेस ही आयोजक संस्था आपला इतिहास स्वतः प्रसिद्ध करते आणि तो कोणालाही वाचता येतो. त्यात स्पष्ट नोंद आहे की 1 जानेवारी 1890 रोजी पॅसाडीनाच्या व्हॅली हंट क्लबने फुलांनी सजवलेल्या गाड्यांची पहिली मिरवणूक काढली, ती पूर्वेकडच्या बर्फात अडकलेल्या लोकांना आपल्या गावातले हिवाळी ऊन दाखवण्यासाठी. न्यूयॉर्कमध्ये माणसे बर्फाखाली गाडली गेली आहेत आणि आपल्याकडे फुले उमलली आहेत, हे जगाला सांगू या, असे क्लबच्या एका सदस्याने सुचवले होते. याला जाहिरात म्हणायचे नसेल तर दुसरे काय म्हणायचे?

फुटबॉल या उत्सवात भर म्हणून आला आणि पहिल्याच वर्षी फसला. 1902 मध्ये मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असे हरवले आणि वेळ संपण्याआधीच स्टॅनफर्डने माघार घेतली. त्यानंतर आयोजकांनी फुटबॉल बाजूला ठेवला आणि रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती, शहामृगांच्या शर्यती, इतकेच काय, उंट आणि हत्ती यांची शर्यतही लावून पाहिली. हत्ती जिंकला. आपोआप विकल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी कोणी हत्ती पळवत नाही. फुटबॉल परतला तो थेट 1916 मध्ये.

पुढे दूरचित्रवाणीने तीच जुनी जाहिरात देशभर पोहोचवली. 1952 पासून हा सामना संपूर्ण अमेरिकेत दिसू लागला. अनेक दशके तो इथल्या दुपारी दोनच्या सुमारास सुरू होत असे. त्या वेळी पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, बाहेर अंधार आणि थंडी असते, आणि पडद्यावर हिरवे मैदान, उघड्या बाह्यांचे प्रेक्षक आणि मावळत्या उन्हात रंग बदलणारे सॅन गॅब्रिएलचे डोंगर दिसतात. 1890 मध्ये जे सांगायचे होते, तेच हे चित्र सांगते.

इतिहास पुरेसा असता तर बाकीची जुनी मैदानेही टिकली असती. कॉटन बाउलचा सामना 1937 पासून डॅलसच्या ज्या मैदानावर होत असे ते सोडून तो 2010 मध्ये शेजारच्या आर्लिंग्टनमधील नव्या, छताच्या मैदानात गेला. मायामीचे ऑरेंज बाउल मैदान 2008 मध्ये पाडले गेले. रोझ बाउल उभे आहे, कारण पॅसाडीना शहराने 2011 पासून त्याच्या नूतनीकरणावर 15 कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली आणि अजूनही त्याच्यामागे माणसे राबतात. 1987 मध्ये मिळालेला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा त्या भिंतींची डागडुजी करत नाही.

गुलाबपाण्याच्या वाडग्याची गोष्ट निव्वळ बनावट आहे. ‘बाउल’ हे नाव मैदानाच्या खोलगट आकारावरून पडले, आणि तेही 1914 मध्ये न्यू हेवन येथे बांधलेल्या येल बाउलच्या धर्तीवर. मायरन हंट या वास्तुरचनाकाराने आखलेले पॅसाडीनाचे मैदान 1922 मध्ये तयार झाले तेव्हा तर ते दक्षिणेला उघडेच होते. 1928 मध्ये ती बाजू बंद झाली आणि वाडगा पूर्ण झाला. नंतर इतर शहरांनी आपापले पीक नावात घालून हा शब्द उचलला: मायामीने संत्रे, न्यू ऑर्लिन्सने साखर, डॅलसने कापूस. या नावांतही पाहुण्यांना बोलावण्याचाच हेतू होता.

सलग आणि एकाच मैदानावर, हेही चूक आहे. 1902 चा सामना दुसऱ्या मैदानावर झाला, मधली तेरा वर्षे रिकामी गेली, सध्याच्या मैदानावर हा सामना 1923 पासून होतो, आणि 1942 मध्ये युद्धामुळे तो नॉर्थ कॅरोलायनात, तर 2021 मध्ये साथीमुळे टेक्सासात हलवावा लागला.

रविवारच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करते. 1 जानेवारी रविवारी आली तर मिरवणूक आणि सामना 2 तारखेला होतात. 2023 मध्येही तसेच झाले. मात्र 1893 मध्ये हा नियम झाला तो चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीने बुजू नयेत आणि प्रार्थनेत व्यत्यय येऊ नये म्हणून, सगळा देश धर्मनिष्ठ आहे म्हणून नव्हे.

प्रायोजकांबाबतही थोडे मान्य करावेच लागते. 1998 पर्यंत सामन्याला कंपनीचे नाव जोडलेले नव्हते, आणि आजही ते ‘रोझ बाउल’च्या आधी लागत नाही, ‘यांच्या सौजन्याने’ असे मागून येते. शुगर बाउल किंवा कॉटन बाउलसारखे नाव पुढे लावू न देण्याचा हा हट्ट मला मनापासून आवडतो. पण 1999 मध्ये एटी अँड टीपासून सुरुवात झाली, पुढे व्हिझिओ, नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल, कॅपिटल वन आणि प्रुडेन्शियल आल्या, आणि त्यांनी पैसे मोजले. नाव जपून पैसा कसा घ्यायचा, याचाही विचार कोणीतरी बसून केलेला आहे, आणि प्रकल्पाला विषय हवा असेल तर तो हा आहे.

भाच्याला मी निष्कर्षाचे ते वाक्य काढायला सांगितले आहे. त्याला संदेश पाठवणाऱ्या काकांनाही हे सगळे कळवले आहे. त्यांनी ज्या तीन गटांत तो टाकला, त्या तिन्ही गटांत ही दुरुस्तीही टाकावी, एवढी त्यांना विनंती आहे.