बदलून बघू, सर

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आपण कळायला लागल्यापासून ऐकतोय. पण त्या दोघांची प्रत्यक्ष गाठ घालून द्यायची हिंमत फार थोड्यांनी केली. तुम्ही केलीत. पुण्यात कुणीतरी मन भरेपर्यंत वापरून विकायला काढलेली, हवेच्या फुग्यांवर तरंगणारी जर्मन गाडी तुम्ही जिंतूर रोडवर आणलीत. गल्लीत पेढे वाटलेत, टायरखाली लिंबू चिरडलंत, आणि पहिल्याच पावसाळ्यात गाडीने मागून डावीकडे कंबर टेकली. डॅशबोर्डवर गाडीचं चित्र, खाली सस्पेंशन बिघडल्याचा मेसेज, आणि फाटकावरून वाकलेले शेजारचे काका: "पंचर झाली का वो?"

घाबरू नका. माझं हे सगळं नुकतंच उरकलंय, म्हणून चार हिताच्या गोष्टी फुकट सांगतो. या प्रकरणात फुकट मिळणारी ही एवढीच गोष्ट आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

पहिलं म्हणजे, गाडीखाली वाकून बघू नका. एवढ्या गाडीच्या मालकाने गुडघे टेकून मडगार्डात डोकं घालणं बरं दिसत नाही. शिवाय बघितलंत तर उगाच काहीतरी कळेल. मागच्या चाकाजवळ, चाक धरून ठेवणारा खालचा आर्म आणि गाडीचा सांगाडा म्हणजे चेसिस, यांच्यामध्ये एक काळी डबी दिसेल. तिला एक छोटा हात, हाताला बोटभर लांबीची दांडी, दांडीचं दुसरं टोक आर्मला. हा हाईट सेन्सर. चाक वर-खाली होतं तशी दांडी त्या हाताला फिरवते, आणि गाडी त्या कोपऱ्यात किती उंच आहे ते डबी कॉम्प्युटरला कळवते. कळवायची रीतही साधी असते. बऱ्याच गाड्यांत डबीला ५ व्होल्ट मिळतात आणि ती साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टांमधलं काहीतरी परत पाठवते. तेवढ्यावर कॉम्प्युटर ठरवतो, त्या कोपऱ्यातल्या फुग्यात, म्हणजे बलूनमध्ये, कॉम्प्रेसरने हवा भरायची का सोडायची. आता खड्ड्यात आपटून दांडी निसटली की हात लोंबतो. कॉम्प्युटरला वाटतं, ही बाजू फारच वर गेलीय. तो हवा सोडतो. गाडी बसते. हात आहे तिथेच लोंबतोय, म्हणून तो आणखी सोडतो. पीक किती आलं ते ठरवणाऱ्या आपल्याकडच्या पैसेवारीसारखंच आहे हे. कागदावर ५० पैशांच्या वर आली की गाव हिरवंगार. बांधावर जाऊन बघायचं काम कुणाचंच नाही.

गाडी धुवायला दिलीत तर प्रेशरचा पाईप नेमका चाकाच्या आत, त्या डबीच्या वायरच्या जोडावर, म्हणजे कपलरवर धरायला सांगा. काळ्या मातीचा चिखल निघतो आणि पाणीही आत जातं. पिनांवर हिरवं चढलं की दांडी शाबूत असूनही तोच मेसेज येतो.

मेहुण्याला कळू देऊ नका. "दाजी, मी तव्हाच म्हणलो होतो इनोव्हा घ्या," याच्यापलीकडे तिकडून काही येत नाही.

आता स्कॅनरवाला. प्रत्येक गावात एक असतोच. स्टेअरिंगखालच्या सॉकेटात मशीन खुपसतो, सी अक्षराने सुरू होणारा कोड येतो, म्हणजे तक्रार चेसिसकडची. तो गंभीरपणे मान हलवतो, बटण दाबतो. "क्लिअर झालं, साहेब." दिवा विझतो, तुम्ही पैसे देता, आणि पहिल्या गतिरोधकाला दिवा परत लागतो. फोन करा. "मशीनमधून तर गेलंय, साहेब." खरंय त्याचं. मशीनमधून गेलंय. गाडीतून जायचं राहिलंय.

चाक काढायला जॅक लावण्याआधी मेन्यूतून जॅक मोड चालू करायचा असतो. गाडी जॅकवर असताना कॉम्प्युटरला उंची सारखी करायची सुरसुरी आली की काय होतं, हे डोळ्यांनी बघायची हौस असेल तर मात्र करू नका.

एवढं झालं की खऱ्या तीर्थक्षेत्राला निघा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर परभणीत कशाला असेल? ते संभाजीनगरला. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. गाडी टो ट्रकवर चढवा आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसा. हवेवर तरंगणारी गाडी वर निवांत झोपलेली, आणि तुमच्या मणक्याला ट्रकचे पाटे. मध्ये मध्ये 'काम प्रगतिपथावर आहे' असे बोर्ड लागतील. त्यांच्याकडे बघून हात जोडायचे. ते बोर्ड आपल्या पोरांच्या मुंजी-लग्नांना साक्षी राहिलेले आहेत.

तिथे पोहोचलात की काचेचं दालन, एसी, कॉफी. शहराच्या नळाला पाणी कधी येईल ते येवो, इथली कॉफी चुकत नाही. टाय लावलेला एक पोरगा टॅब घेऊन येतो. मराठी येत असूनही हिंदीत सुरुवात करतो, मग तुमचं हिंदी ऐकून मराठीवर येतो.

"सर, एअर सस्पेंशनचा इश्यू आहे."

गाडी समोर तिरकी उभी असते. तरी "अरे वा, लगेच ओळखलंत," असं म्हणा. त्याला हुरूप येतो.

"मागचे दोन्ही बलून बदलावे लागतील. जोडीनेच बदलतात. लीक असू शकतं."

असू शकतं. तुम्ही मान डोलवा.

"कॉम्प्रेसरपण घेऊन टाकू, सर. त्याच्यावर लोड आला असेल."

असेल. डोलवा.

"आणि सेन्सर?" हे चुकूनसुद्धा विचारू नका. मी विचारलं. पोराने टॅबवरून मान वर केली आणि म्हणाला, "ते नंतर बदलून बघू, सर."

बदलून बघू! आधी बघून मग बदलायचं, अशी आमच्याकडे अडाणी रीत आहे. बैल लंगडायला लागला तर आमचे लोक आधी खूर उचलून काटा बघतात. इथे काचेच्या दालनात चारही पाय बदलायचं एस्टिमेट निघतं. साडेतीन लाखांच्या घरातलं. आपल्याला साडेतीन लाख म्हणजे किती हे पटकन कळत नाही म्हणून मी तिथेच बसून भागाकार केला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे पासष्ट-सहासष्ट क्विंटल सोयाबीन, तेसुद्धा हमीभावाने घेतलं गेलं तर. ते कसं घेतात, ओलावा किती काढतात, बारदाना कधी संपतो, हे तुम्हाला सांगायला नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याची आठवण करून दिली, तर पोरगा म्हणाला, "हो सर, त्याचा बेनिफिट यात दिलेला आहे." म्हणजे सवलतीतलं साडेतीन लाख. मेहेरबानी!

अरे बाबा, लीक असू शकतं ना? मग साबणाचं पाणी घे. बादलीभर पाणी, मूठभर पावडर, ब्रशने बलूनवर आणि पाईपच्या जोडांवर फिरव. हवा जात असेल तर फेस बोलतो. हे पंक्चरवाल्याकडचं दहा वर्षांचं पोरगं करतं. तेही जमत नसेल तर मालकाला एक प्रश्न विचार: गाडी रात्री उभी ठेवली की सकाळपर्यंत हळूहळू बसते, का चालू केल्यावर तुमच्यासमोर बसते? बंद गाडी रात्रीतून बसली तर बहुधा हवा गळतेय. चालू असताना एकच कोपरा खाली-वर करायला लागली तर आधी सेन्सर आणि त्याची दांडी बघायची. विचारलं कुणी? कुणी नाही. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावून सेन्सरचा हात बोटाने हळूहळू फिरवायचा. व्होल्ट सरळ चढत-उतरत गेले तर डबी ठीक, मध्येच उडी मारली तर गेली. लावला कुणी? मल्टिमीटर कुठे ठेवलाय तेसुद्धा त्या मजल्यावर कुणाला माहीत नव्हतं! एकाने विचारलं, "सर, तुम्ही इंजिनिअर आहात का?" नाही रे. मी पैसे देणारा आहे. तेवढी पात्रता पुरत नाही का?

आणि वर ऐकवतात काय, तर "नवीन टेक्नॉलॉजी आहे, सर, असं होतं कधी कधी." कुठली नवीन? हवेवर चालणारं सस्पेंशन अमेरिकेतल्या कॅडिलॅकने १९५७ साली गाडीत बसवून विकलंय. उंची मोजणारे सेन्सर आणि कॉम्प्युटरवाली एअर सस्पेंशन तिथल्याच लिंकन कंपनीच्या मार्क सेव्हन गाडीत १९८४ च्या मॉडेलला आली. १९८४! टाय लावलेल्या त्या पोराचा बाप तेव्हा शाळेत असेल. आपल्या शिवनेरी बसच्या खालीही हवेचे बलून आहेत, आणि बलूनवाल्या बऱ्याच बसगाड्यांत अशीच दांडी आणि असाच हात असतो, फक्त तो कॉम्प्युटरला निरोप न देता सरळ हवेचा वॉल्व्ह उघडतो-मिटतो. रोज शेकडो माणसं वाहून नेणाऱ्या बसला जे जमतं, ते पन्नास-साठ लाखांना विकलेल्या गाडीला नवीन टेक्नॉलॉजी म्हणून माफ करायचं?

असो. सल्ला द्यायला बसलोय, रक्तदाब वाढवायला नाही.

समजा सेन्सर बदललाच. तर कॅलिब्रेशनचं नाव काढू नका. नवा सेन्सर बसवला की गाडी रिकामी, टायरची हवा बरोबर, जागा सपाट, अशी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि स्कॅनरवर भरायचं असतं. आता परभणीत सपाट जागा कुठून आणणार? कृषी विद्यापीठाच्या आवारात विचारून बघा. मोजणी न करताच गाडी ताब्यात घेतलीत तर एक फायदा आहे. बऱ्याच गाड्यांत हेडलाईटचा कोनही याच सेन्सरवर ठरतो. मागची बाजू नाही तेवढी उंच आहे असं समजलं की दिवे आपोआप वर उचलले जातात. मग रात्री गंगाखेड रोडवर झाडांचे शेंडे छान दिसतात, रस्ता दिसत नाही, आणि समोरून येणारा ऊसवाला ट्रॅक्टर, ज्याला स्वतःला मागे एकही दिवा नसतो, तुम्हाला आयमायवरून शिव्या घालतो.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. साडेतीन लाखांच्या कागदावर सही न करता गाडी परत आणली. वसमत रोडला बसच्या हवेच्या कामाचा एक फिटर आहे, त्याला दाखवली. त्याच्याकडे टॅब नाही, कॉफी नाही. तो पोत्यावर पाठ टेकून खाली सरकला आणि खालूनच ओरडला, "मालक, हे कामून लोंबायलंय?" दांडीचा गोळा सॉकेटातून निघाला होता. बलून धड, कॉम्प्रेसर धड, डबीसुद्धा धड. दांडी मागवली, ती काही शे रुपयांना आली. बसली. गाडी उठली.

खाली वाकायला किती वेळ लागतो? मान वाकवायला लाज वाटते का तुम्हाला? मी त्या टायवाल्याला एकट्याला बोलत नाही, त्याला वरून टार्गेट आहे हे मला कळतं. पण टार्गेट बलून विकायचं आहे म्हणून समोरच्याची गाडी बघायचीच नाही, हा धंदा नाही, ही लूट आहे. तुमच्या भिंतीवर प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं टांगलेली आहेत. त्यात कुठेतरी टॉर्च पेटवून बघायला शिकवलं असेल ना? दोनशे किलोमीटरवरून माणूस गाडी उचलून आणतो, तेव्हा त्याला निदान करून हवं असतं. तो अंदाजाचे पैसे भरायला येत नाही.

आणि तुम्ही, गाडीचे मालक. तुम्हीही कमी नाही. एस्टिमेटवर सही करताना तुमची जीभ कुठे जाते? "काय काय तपासलं ते जॉबकार्डावर लिहून द्या," एवढं एक वाक्य बोललात तर गिऱ्हाईक म्हणून तुमची किंमत उतरणार आहे का? बदललेला जुना भाग परत मागा. "पॉलिसी नाही, सर," म्हणाले तर ती पॉलिसी लेखी मागा. नाही दिली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. परभणीत जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि सेवेला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही. हे माहीत नव्हतं म्हणू नका. तुम्ही चहाच्या टपरीवर दोन रुपये जास्त घेतले म्हणून भांडता, सातबाऱ्यावर एक गुंठा चुकला तर तलाठ्याचा उंबरठा झिजवता, आणि काचेचं दार दिसलं की साडेतीन लाखांवर "ठीक आहे, करून टाका" म्हणता. तुम्ही म्हणता म्हणून ते करतात. पुढच्या वेळी कुणी "बदलून बघू, सर" म्हणालं तर गाडीची किल्ली हातात ठेवून विचारा: बघितलं काय ते आधी सांग.