रात्री मॅश, सकाळी उकळी

जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं आणि अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. चंद्रपूरची दारूबंदी २०१५मध्ये आली, २०२१मध्ये उठली. इंग्लंडात लीड्समध्ये बसून हे वाचताना खटकतं ते हे, की आपला सगळा वाद दुकानापाशीच अडतो. स्वतःपुरती बिअर घरी करू पाहणारा माणूस त्यात नसतोच. १९४९च्या दारूबंदी कायद्यापुढे तो आणि हातभट्टीवाला, दोघेही गुन्हेगार.

ब्रिटनमध्येही १९६३पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. आता घरच्या बिअरवर कर नाही, पण ती विकायची नाही. आणि परवान्याशिवाय दारू गाळणं आजही गुन्हा आहे.

कायदा सोडला तर घरी बिअर करण्यातली खरी अडचण वेळेची. थेट धान्यापासून बिअर करायला पाच-सहा तास सलग लागतात, म्हणून नोकरी आणि मुलं सांभाळणारे पुष्कळजण माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या तयार अर्काच्या, डब्यावर भागवतात. माझ्या मते तेवढ्यावर थांबायची गरज नाही, काम दोन भागांत होतं. रात्री मुलं झोपली की मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचं भरडलेलं माल्ट कापडी पिशवीत घालून गरम पाण्यात सोडायचं (यालाच मॅश म्हणतात), मिश्रण ६६ अंशांवर आलं की पातेलं गोधडीत गुंडाळायचं. धान्यातल्या स्टार्चची साखर रात्रीतून होते. बिअर थोडी कोरडी, म्हणजे कमी गोड उतरते, मला ती तशीच आवडते. मात्र गुंडाळण्यात कसूर नको. पातेलं फार निवलं तर आंबटपणा धरतो. सकाळी पिशवी निथळायची, उरलेला गोड रस हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचा. गार करायला सवड नसेल तर ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांची रीत उत्तम: उकळता रस उष्णता सोसणाऱ्या कॅनमध्ये भरून घट्ट बूच लावायचं, आंबवणारं यीस्ट रस पुरता गार झाल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी. पुढचे दोन आठवडे यीस्टचे.

गडचिरोलीच्या बायकांनी दारूबंदीसाठी दिलेला लढा मी मोलाचा मानतो. २०१५मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेही विसरता येत नाही. पण तो घात मिथेनॉलचा होता, विकण्यासाठी केलेल्या भेसळीचा. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये तो धोका नाही. दारूबंदीचे जिल्हे वगळून, ठरावीक लिटरांपर्यंत, न विकण्याच्या आणि न गाळण्याच्या अटीवर घरच्या बिअरला मुभा द्यावी. पुण्यात दिवसभर नोकरी करून रात्री मॅश लावणाऱ्याला पोलिसांची भीती वाटायचं कारण उरू नये.