लेझी जॅक आणि शिडाची झीज: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लेझी जॅक म्हणजे उतरवलेलं मुख्य शीड बूमवरच (शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्यावर) पडावं म्हणून दोन्ही बाजूंना बांधलेल्या दोऱ्या. त्या शिडाला घासतात, म्हणून प्रवासात पुढे डोलकाठीपाशी अडकवून ठेवाव्यात, असं मी म्हटलं होतं. त्यावर इतकं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. लेझी जॅकच्या दोऱ्या पुढे डोलकाठीपाशी ओढून आकड्यात अडकवण्याचा खटाटोप दोघांच्या बोटीवर कुणी करणार नाही. दोऱ्या ढिल्या सोडल्या की काम भागतं. आणि जिथे घासतंय तिथे चिकट डेक्रॉनचं (शिडाच्या पॉलिस्टर कापडाचं) ठिगळ लावलं की विषय संपला.

भर समुद्रात, तिन्हीसांजेला, हलत्या डेकवर कुणाला डोलकाठीपाशी पाठवू नये, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण हे काम समुद्रात करायचंच नाही. नांगरावर असताना, शीड चढवायच्या आधी करायचं. मेनसेल (मुख्य शीड) पट्ट्यांनी बूमला बांधलेलं असतं, तेव्हा या दोऱ्यांची गरजच नसते. दोऱ्या सैल करायच्या, बूमच्या कडेने पुढे आणायच्या, आकड्यात घालून पुन्हा ताणायच्या. शीड चढताना बॅटनची (शिडात घातलेल्या आडव्या कडक पट्ट्यांची) टोकं दोरीत अडकत नाहीत, हा फायदा तर लगेच दिसतो. शीड उतरवायच्या वेळी आडोशाच्या पाण्यात शिरून त्या परत मागे घ्यायच्या. रात्री रीफ घ्यावा (शीड लहान करावं) लागेल असं वाटत असेल, तर मात्र खुशाल लावलेल्या ठेवा, फक्त चांगल्या सैल करून.

ढिली दोरी निरुपद्रवी असते, हे मात्र मला पटत नाही. मुंबईहून गोव्याला निघालात की दुपारचा वायव्येचा वारा जवळजवळ पाठीवरच असतो. बूम बाहेर, शिडाचं पोट फुगलेलं, आणि वाऱ्याच्या आडबाजूची दोरी त्या पोटाला टेकलेली. सैल केल्याने दाब कमी होतो, हालचाल थांबत नाही. रात्री वारा पडतो पण लाट राहते. मग शीड फडफडतं आणि दोरी त्याच जागेवर मागेपुढे होत राहते. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने खाचा पडतात. इथे तर कापड आहे.

त्यातही कापडाआधी शिवण जाते. सुती शिडात टाका कापडात रुतून बसायचा. डेक्रॉन कडक, त्यामुळे टाका वर उभा राहतो आणि पहिला घासला जातो. उन्हाने तो आधीच कमकुवत झालेला असतो. शीड पसरून खालच्या बॅटनच्या खिशाजवळच्या शिवणीवरून नख फिरवा. दोरा मऊ, केसाळ लागला, झिगझॅगचा एखादा कोपरा तुटलेला दिसला, तर तिथे दोरी टेकते. कापड अजून कोरं दिसत असेल, त्यावर जाऊ नका. ती शिवण आधी मशीनवर पुन्हा मारून घ्या आणि मगच वर ठिगळ लावा. तुटक्या टाक्यांवर ठिगळ चिकटवलं तर झीज फक्त झाकली जाते.

दोरीबद्दलही बोलतो. तुमच्या फोटोत दोऱ्यांच्या फाट्यावर स्टीलची कडी दिसते. ती काढाच! गुंफलेल्या दोरीचा मऊ फासा तेच काम करतो आणि शिडावर आपटत नाही. तीन पेडांच्या पिळाच्या दोरीपेक्षा विणलेली, गुळगुळीत, 5-6 मिमीची पॉलिस्टर दोरी घ्या.

बूमवर शिडाची कायमची पिशवी असलेल्यांची अडचण खरी आहे, कारण दोऱ्यांनीच पिशवी उभी राहते. तरी दोऱ्या सोडून पिशवीच्या बाजू बूमलगत गुंडाळून ठेवता येतात. लांबच्या पल्ल्याला तेवढं करावंच.

आता तुमच्या शिडाचं. तुम्ही दाखवलेला काळसर पट्टा वरच्या स्प्रेडरच्या (डोलकाठीवरच्या आडव्या दांडीच्या) उंचीला आहे, आणि तुमच्या लेझी जॅकचं वरचं टोक त्याच्या बरंच खाली आहे. ती झीज लेझी जॅकची नाही, स्प्रेडरच्या टोकाची आहे. तिथे ठिगळ हवंच, त्यात वाद नाही. शिवाय वारा पाठीवर असताना बूम थोडी आत घ्या, व्हँग (बूम खाली ओढणारी दोरी) ताणून ती खाली दाबून धरा म्हणजे शिडाचा वरचा भाग पुढे पडणार नाही, आणि प्रिव्हेंटर (बूम अचानक पलीकडे फिरू नये म्हणून लावायची दोरी) बांधा. स्प्रेडरच्या टोकाला चामडं शिवलेलं असेल तर तेही एकदा बघून घ्या. उन्हात वाळून कडक झालं असेल तर बदला.