तिसरी निळी टिक कुठे असते, दाखवा बघू

‘उद्यापासून नवीन दळणवळण नियम लागू’ या मथळ्याचा, सरकारविरोधात लिहिलं तर अटक होईल असं सांगणारा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर कितीतरी वर्षं फिरतोय. तो खोटा आहे, हे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या फॅक्ट चेकने वेळोवेळी सांगूनही झालंय. तरी या आठवड्यात तो सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात माझ्या ताईच्या फोनवर पोहोचला आणि तिनं घाबरून भाच्याला त्याची पोस्ट डिलीट करायला लावली.

पोस्ट काय होती? आपल्या ग्रामपंचायतीचा निधी कशावर खर्च झाला, ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतं. भाच्यानं तिथला स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर टाकून एवढंच विचारलं, “पथदिव्यांचा खर्च पडलाय, दिवे कुठं बसलेत?” त्याखाली पोरांनी आपापल्या गल्लीतल्या नुसत्या खांबांचे फोटो टाकायला सुरुवात केली. ग्रामसभेत मागं भिंतीला टेकून उभी राहणारी, कधी तोंड न उघडणारी पोरं ही! भाचा फोनवर मला म्हणाला, “मामा, आई रडायलाच लागली. काय करू?”

आता त्या मेसेजमधले मुद्दे घेऊ.

तीन निळ्या टिक म्हणजे सरकारनं मेसेजची नोंद घेतली, तीन लाल म्हणजे कोर्टाचं समन्स. अहो, एक टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोहोचला, निळ्या म्हणजे वाचला. तिसरी टिक व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाहीच. २०१६ पासून तिथले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, वाटेत ते खुद्द कंपनीलाही वाचता येत नाहीत. आणि समन्स टिकमधून येत नसतं.

सगळे कॉल रेकॉर्ड होणार, हेही खोटं. ठरावीक माणसाचा फोन ऐकायचा तर सहसा गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो.

ग्रुपमधल्या प्रत्येक पोस्टला अ‍ॅडमिन जबाबदार, ही त्याला चिकटवलेली शेपटी. नुसतं अ‍ॅडमिन असणं हा गुन्हा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच म्हटलंय.

खरं विष पुढच्या ओळीत आहे: ‘सरकारविरोधात किंवा राजकीय विषयावर लिहिणं गुन्हा, वॉरंटशिवाय अटक.’ ताई याच ओळीला घाबरली. हा प्रश्न आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं कलम ३७० हटवल्याच्या दिवसाला ‘काळा दिवस’ म्हणणारं स्टेटस ठेवलं, गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयानंही तो रद्द केला नाही. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असं स्पष्ट लिहिलं. देशाच्या एवढ्या मोठ्या निर्णयावर बोलता येतं, तर गल्लीतल्या दिव्यांवर का नाही?

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करावी लागते. काही पोस्टवर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, पण त्या जातीधर्मात तेढ लावणाऱ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ त्यासाठीच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल पेटली, एकाचा जीव गेला, सातारा जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. भीती घालायचीच तर तसल्या पोस्टची घाला. आणि त्या प्राध्यापकालाही न्याय मिळेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, हेही खरं. म्हणून ताईची काळजी मी उडवून लावत नाही. पण ज्या पोरांना ग्रामसभेत कुणी बोलू देत नाही, त्यांची बोलायची एकमेव जागाच हा खोटा मेसेज त्यांच्या आईच्या हातून बंद करून घेतो. याचा मला राग आहे.

भाच्याला सांगितलंय: पोस्ट परत टाक. वर्ष, कामाचं नाव आणि रक्कम दिसेल असा स्क्रीनशॉट ठेव, कुणाच्या जातीवर किंवा घरावर जाऊ नकोस. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जाचा मसुदा मी ताईच्याच फोनवर पाठवलाय.