परदेशातून: कोड्याची शिस्त त्यांची, श्लेष आपला

मराठीत गूढ शब्दकोडं (इंग्रजीतलं 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड', ज्यात प्रत्येक क्लू म्हणजे सूचक ओळ, हाच एक शब्दखेळ असतो) होणं नाही, आपलं कोडं म्हणजे समानार्थी शब्दांची उजळणी, असं महाराष्ट्रातले अनेक कोडेप्रेमी म्हणतात. काहींना इंग्रजी पद्धत जशीच्या तशी हवी आहे. ब्रिटनमध्ये बसून इथली कोडी सोडवताना मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत.

इथून घ्यावी ती शिस्त. 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात १९३९पासून 'झिमेनीझ' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी ती १९६६मध्ये पुस्तकात मांडली. क्लूच्या एका टोकाला उत्तराचा नेमका अर्थ, उरलेल्या भागात प्रामाणिक शब्दखेळ, आणि भरतीचा एकही शब्द नाही.

हत्यारं मात्र आपलीच हवीत. मराठी चौकोनात मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. सात वेगवेगळ्या इंग्रजी अक्षरांच्या ५०४० मांडण्या होतात, तीन मराठी अक्षरांच्या जेमतेम ६. म्हणून अक्षरं विस्कटण्याचा खेळ मराठीत लगेच फुटतो. पण श्लेष? 'न मोडणारी तुकोबांची रचना (३)': अभंग (कंसात उत्तराची अक्षरसंख्या). शब्द फोडणारा सभंग श्लेष तर आपल्या काव्यशास्त्रात कधीचा आहे.

लपवालपवीही छान जमते. 'नवा रसरंग लपवतो उत्तराधिकारी (३)': न-वारस-रंग, उत्तर वारस. इथेच नवखे रचनाकार घसरतात. वाक्य गोड व्हावं म्हणून 'नव्या रसरंगात' लिहिलं की 'वा'चा 'व्या' होतो आणि वारस गायब! ज्या शब्दांत उत्तर दडवायचं त्यांना विभक्ती लावण्याआधी सामान्यरूप तपासा. शेजारच्या शब्दाचं रूप न बदलणारी क्रियापदं शोधा: लपवतो, गिळतो, उलटते.

'नदी उलटते, गरीब (२)' याचं उत्तर दीन. तिथे 'गरीब'ऐवजी 'दिवस' लिहिणं ही फसवणूक आहे, कारण तो दिन ऱ्हस्व. कोड्यात ऱ्हस्व-दीर्घ माफ असावं हे मत मला अजिबात मान्य नाही. सोडवणाऱ्याच्या हातात तेवढाच तर पुरावा असतो.

जाळीही वेगळी आखावी लागेल. इंग्रजीत साधारण निम्मी अक्षरं छेदात, म्हणजे आडव्या-उभ्या शब्दांच्या सामाईक चौकोनात, येतात. तीन अक्षरी मराठी शब्दात दोन छेद दिले तर उरतं काय? एकच द्यावा, तोही शक्यतो शेवटच्या अक्षरावर, कारण पहिलं कळलं की कोश उघडून शब्द सापडतो. आणि छेदासाठी र, स, न अशी साधी अक्षरं निवडावीत. 'लक्ष्मी'तल्या 'क्ष्मी'वरून उभा शब्द काढायला गेलात, तर अख्खी जाळी पुन्हा आखावी लागते.