चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर तपासता येत नाही

‘इंजिन चालू ठेवा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, बंद पडली तर गेला. धोका काही नाही, जुने मेकॅनिक असंच तपासायचे.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या सल्ल्यातलं शेवटचं तेवढं खरं आहे. (अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग.)

‘जुने मेकॅनिक असंच तपासायचे’: तपासायचे, पण त्या गाड्यांत डायनॅमो, कॉइल, पॉइंट आणि चार बल्ब एवढाच संसार होता. व्होल्टेज उसळलं तर फार तर बल्ब उडायचा. आता त्याच वायरिंगवर ईसीयू (इंजिनचा संगणक), एबीएस आणि एअरबॅगचे मोड्यूल बसलेत.

‘चालू राहिली तर चांगला’: अल्टरनेटरमधल्या, एसीची डीसी करणाऱ्या सहापैकी एक डायोड उडाला तरी इंजिन चालण्यापुरती वीज मिळते. ती बॅटरी भरायला पुरेल असं नाही. शिवाय यांत्रिक पंपाचं जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून जवळपास तसंच चालत राहतं. तिथे ही परीक्षा काय सांगणार?

‘बंद पडली तर गेला’: हेही नाही. बॅटरी नसली की व्होल्टेज डगमगतं आणि ईसीयू रिसेट होऊन धडधाकट अल्टरनेटरची गाडीही बंद पडू शकते.

‘धोका काही नाही’: खरी गडबड इथे आहे. कार्बन ब्रशमधून आलेल्या करंटने रोटर चुंबक होतो, स्टेटरमध्ये तीन फेजची एसी तयार होते आणि डायोड प्लेट तिची डीसी करते. रोटरचा करंट कमी-जास्त करून रेग्युलेटर व्होल्टेज 14 च्या आसपास धरतो. उतरलेली बॅटरी 30-40 अँपिअर ओढत असताना टर्मिनल उपटलं की त्या करंटला जायला वाट उरत नाही. रेग्युलेटर रोटरचा पुरवठा लगेच तोडतो, पण चुंबकत्व उतरायला सेकंदाचे काही दशांश लागतात. तेवढ्यात व्होल्टेज उसळतं. आयएसओ 16750-2 या गाड्यांच्या विद्युत उपकरणांच्या चाचणी-मानकात 12 व्होल्टच्या यंत्रणेत, आवर नसेल तेव्हाची ही उसळी 79 ते 101 व्होल्ट धरली आहे. हल्लीच्या बऱ्याच अल्टरनेटरमधले झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारे) ती 35 व्होल्टच्या आसपास अडवतात हे खरं. पण डायोड शाबूत आहेत की नाही, हेच तर बघायला निघालोय! वर टर्मिनलवर ठिणगी, आणि शेजारी बॅटरीतून सुटणारा हायड्रोजन.

मग तपासायचं कसं? मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी 12.6 दाखवली तर भरलेली, 12 च्या आसपास असेल तर बरीच उतरलेली. इंजिन 1500-2000 आरपीएमवर 13.8 ते 14.5 हवं. हेडलाइट, ब्लोअर लावून 13.2 च्या खाली जाऊ नये. सतत 15 च्या वर असेल तर रेग्युलेटर बघा. नव्या काही गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी करतो, म्हणून हेडलाइट लावूनच निकाल ठरवा.

लोड देऊन (म्हणजे हेडलाइट, ब्लोअर लावून) बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसली तर डायोडवर संशय घ्या. मात्र स्वस्त पिवळ्या मीटरवर हे मोजू नका. त्याची एसीची रेंज 200 पासूनच सुरू होते, आणि नुसत्या बॅटरीवरही ते 25-28 ‘एसी’ दाखवतं.

शेवटी, लोड चालू ठेवूनच अल्टरनेटरच्या बी प्लसपासून (वीज बाहेर देणारं टर्मिनल) बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत डीसी मोजा. 0.3 पेक्षा जास्त आलं तर वीज वायर-जोडणीतच अडतेय, अल्टरनेटर उतरवू नका. इंजिन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह आता खुशाल काढा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घासा, नट आवळा आणि सगळं जोडून पुन्हा मोजा.