वाकांडा बंद होता म्हणून सुरक्षित होता, हे खरे नाही

‘ब्लॅक पँथर’ या २०१८ च्या चित्रपटातील वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी राज्याविषयी एक युक्तिवाद गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा फिरतो आहे, आणि आपल्याकडेही तो दूरदृष्टीचा नमुना म्हणून कौतुकाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : वाकांडाने शतकानुशतके जगाला दार बंद ठेवले, म्हणून त्याला गुलामगिरीची आणि वसाहतवादाची झळ लागली नाही, त्याची अफाट प्रगती ही या एकांताचीच देणगी होती, बाहेरच्यांना आत घेतले की त्यांचे प्रश्नही आत येतात हे तिथल्या सीमारक्षकांचा प्रमुख वकाबी याचे म्हणणे बाहेरून येऊन गादीवर बसलेल्या किलमंगरने खरे करून दाखवले, जपान आणि इथिओपिया यांचा इतिहासही हेच सांगतो, आणि राजा टी’चालाने दार उघडताच राजधानीचे रणांगण झाले, तेव्हा त्याचा निर्णय हा भावनेच्या भरात केलेला अपराध होता.

हा युक्तिवाद सरसकट टाकाऊ नाही. त्यातील एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो मी शेवटी घेणार आहे. पण बाकीचे मुद्दे कथेतील घटना अर्ध्याच पाहून मांडलेले आहेत.

मुळात वाकांडा बंद होता, हे गृहीतकच तपासून पाहावे लागते. या राज्याचे हेर जगभर पेरलेले होते. टी’चालाचा बाप, तेव्हाचा राजा टी’चाका याचा सख्खा भाऊ एन’जोबू १९९२ मध्ये अमेरिकेतील ओकलंड शहरात असाच वेषांतर करून राहत होता, आणि चित्रपटाच्या सुरुवातीला वाकांडाची हेर नाकिया आपल्याला भेटते ती नायजेरियाच्या साम्बिसा अरण्यात, पळवून नेलेल्या स्त्रियांच्या घोळक्यात मिसळलेली. म्हणजे जगाची बित्तंबातमी वाकांडात येत होती. वाकांडाची मात्र कोणतीही गोष्ट बाहेर जात नव्हती. जगासमोर त्याने गरीब मेंढपाळांच्या देशाचे सोंग घेतले होते. याला एकांतवास म्हणता येणार नाही. हा चिकाचा पडदा होता, आतून सगळे दिसते, बाहेरून काही दिसत नाही. ‘आम्ही आमच्यापुरते पाहतो’ असे म्हणणाऱ्याला निदान इतरांचे काय चालले आहे याची कल्पना नसण्याची सबब असते. वाकांडाला तीही नव्हती. अटलांटिक पार करून सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून नेली गेली. दुसऱ्या बाजूला हिंदी महासागरातून हबशी गुलामांचा व्यापार चालू होता, ज्यातून विकला जात आलेला एक मुलगा पुढे मलिक अंबर या नावाने निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला आणि ज्याने वसवलेल्या खडकीचे आजचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. कथेच्या चौकटीत पाहिले तर वाकांडाच्या राजांना हे सारे ठाऊक असणार. तेव्हा ‘गुलामगिरीची झळ लागली नाही’ हे वाक्य ज्या अभिमानाने उच्चारले जाते, तो अभिमान शेजारचे घर जळताना आपल्या पत्र्याचे छप्पर शाबूत राहिल्याचा आहे.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. युलिसिस क्लॉ हा शस्त्रांचा दलाल १९९२ मध्ये वाकांडात शिरला, पाव टन व्हायब्रेनियम, म्हणजे वाकांडाच्या सामर्थ्याचे मूळ असलेला दुर्मीळ धातू, घेऊन गेला आणि जाताना सीमेवर स्फोट घडवून माणसे मारून गेला. मृतांत वकाबीचे आईवडील होते. हे सगळे दार बंद असताना, कडेकोट गुप्ततेच्या काळात घडले. त्याच चोरीच्या साठ्यातून पुढे, याच मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात, अल्ट्रॉन या यंत्रमानवाने सोकोव्हिया या काल्पनिक देशातील शहर उचलून जगावर आदळण्याचा घाट घातला. आणि क्लॉ इतकी वर्षे सापडला का नाही? कारण वाकांडाला त्याच्याविरुद्ध कोणाकडे तक्रारच करता येत नव्हती. ज्या मालाचे अस्तित्वच मालकाने लपवले आहे, त्याच्या चोरीची फिर्याद तो कोणत्या चावडीवर नोंदवणार? गुप्ततेने चोराला अडवले नाही; चोरी झाल्यावर मालकाचे तोंड मात्र बांधून ठेवले. मूळ चित्रकथेकडे गेले तरी चित्र वेगळे दिसत नाही. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ मध्ये हे पात्र निर्माण केले तेव्हापासूनच टी’चालाच्या बापाचा खून व्हायब्रेनियमसाठी आलेल्या परक्याच्या हातून झालेला आहे. अभेद्य वाकांडा असा कधी नव्हताच.

प्रगती एकांतामुळे झाली, या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ती आकाशातून पडलेल्या उल्केतल्या धातूमुळे झाली, आणि तोच धातू एखाद्या उघड्या राज्याच्या वाट्याला आला असता तर काय झाले असते याची तुलना करण्याची सोय कथेत नाही.

खरा गाभा किलमंगरचा आहे, आणि इथेच या युक्तिवादाची सर्वात मोठी गफलत आहे. किलमंगरला ‘बाहेरून आलेले संकट’ म्हणून मोजले जाते. तो कोण होता? तो एन’जोबूचा मुलगा, म्हणजे राजघराण्यातला, टी’चालाचा चुलतभाऊ. एन’जोबूने क्लॉला मदत केल्याचे उघड झाल्यावर टी’चाकाच्या हातून भाऊ मारला गेला, आणि ते गुपित राहावे म्हणून त्याच्या लहान मुलाला बापाच्या प्रेताजवळ परक्या शहरात सोडून राजा विमानात बसून परत गेला. त्या मुलाला वाकांडात आणायचे म्हटले असते तर घडलेले सांगावे लागले असते, आणि सांगणे हेच त्या राज्याच्या धोरणाविरुद्ध होते. पुढे हा मुलगा अमेरिकी नौदलाच्या संस्थेत शिकला, तिथल्या विशेष दलात गेला, परकी सरकारे कशी उलथवायची याचे रीतसर शिक्षण घेऊन आला आणि ते शिक्षण त्याने स्वतःच्याच पितृभूमीवर वापरले. भिंत नसती तर हा माणूस घडला नसता. पितरांच्या लोकात टी’चाला आपल्या बापाला आणि सगळ्याच पूर्वजांना तोंडावर सांगतो की जगाकडे पाठ फिरवण्यात तुम्ही चुकलात, तेव्हा तो भाबड्या विश्वबंधुत्वाची भाषा बोलत नसतो. तो घरातला हिशेब मागत असतो.

किलमंगरने सिंहासन बळकावले, असे सर्रास लिहिले जाते. त्याने ते रूढीप्रमाणे आव्हान देऊन, द्वंद्व जिंकून मिळवले आणि परिषदेतल्या बहुतेकांनी मान खाली घातली. एकाच माणसाच्या हाती सगळे केंद्रित असलेल्या, बाहेरचा एकही साक्षीदार किंवा मित्र नसलेल्या राज्यात चुकीच्या राजाला अडवायला कोणीच नसते, ही बंदिस्तपणाची किंमत कोणी हिशेबात धरत नाही.

वकाबीचे उदाहरण तर या युक्तिवादाने हाती घ्यायलाच नको होते. निर्वासितांना आत घेतले तर वाकांडा इतर देशांसारखाच होईल, असे म्हणणारा हा सीमारक्षकांचा प्रमुख, किलमंगर गादीवर बसताच जगभर शस्त्रे पाठवून साम्राज्य उभारण्याच्या बेताचा सर्वात उत्साही पाठीराखा होतो. आदल्या दिवशी जगाला आत येऊ द्यायचे नव्हते, दुसऱ्या दिवशी जगावर चाल करून जायचे आहे. यात वरवर विसंगती दिसते, पण नीट पाहिले तर ती नाही. परक्याकडे धोका म्हणून पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला परका भक्ष्य म्हणून दिसायला फार वेळ लागत नाही. त्याच्या नजरेत शेजारी नावाची तिसरी जागाच नसते. नाकियाने सुचवलेला मार्ग, म्हणजे मदत, तंत्रज्ञान आणि आसरा, हा या दोन्ही टोकांपेक्षा वेगळा होता आणि तो तिने किलमंगर येण्याच्या कितीतरी आधी सुचवला होता.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. वकाबी आणि त्याचे सैनिक खांद्यावर जी घोंगडी मिरवतात आणि लढाईत जिची ढाल करतात, ती लेसोथो देशातील बासोथो लोकांच्या प्रसिद्ध घोंगडीवर बेतलेली आहे. हे राष्ट्र घडले कसे? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण आफ्रिकेतील युद्धांनी देशोधडीला लागलेल्या टोळ्यांना मोश्वेश्वे या राजाने थाबा बोसिऊ या डोंगरी ठाण्याच्या आसऱ्याला घेतले आणि त्यातून एक प्रजा उभी केली. त्याने १८३३ मध्ये फ्रेंच मिशनऱ्यांना जवळ केले, त्यांच्याकरवी बाहेरच्या सत्तांशी पत्रव्यवहार केला, आणि बोअरांच्या, म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या, रेट्यापुढे १८६८ मध्ये ब्रिटिश संरक्षण मागून घेतले. खुद्द ती लोकरी घोंगडीही युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आलेली. निर्वासितांना विरोध करणारा सरदार निर्वासितांतून उभ्या राहिलेल्या राष्ट्राचे वस्त्र पांघरून बोलतो, हे वेशभूषाकारांना अभिप्रेत होते की नाही, हा भाग निराळा.

जपानचा दाखला घेऊ. तोकुगावा घराण्यातील शोगुनांनी, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांनी, १६३० च्या दशकात परदेशगमनावर आणि परकीयांच्या येण्यावर बंदी घातली, हे खरे. पण नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावर डच व्यापारी होते, नागासाकीत चिनी व्यापार चालू होता, त्सुशिमामार्गे कोरियाशी आणि सात्सुमामार्गे र्‍युक्यूशी संबंध होते. १७२० मध्ये शोगुन योशिमुनेने परकी पुस्तकांवरील निर्बंध सैल केले आणि १७७४ मध्ये सुगिता गेनपाकू व त्याच्या सहकाऱ्यांनी डच भाषेतील शरीररचनाशास्त्राचे पुस्तक भाषांतरित करून प्रसिद्ध केले. पुढच्या काळात जपानने जी झेप घेतली तिला या किलकिल्या दाराचा मोठा आधार होता. उलट जे दार बंदच राहिले, ते १८५३ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीने चार युद्धनौका आणून ठोठावले, आणि १८५४ व १८५८ च्या तहांतील अटी जपानला मुकाट्याने मान्य कराव्या लागल्या. आयात-निर्यातीचे कर स्वतः ठरवण्याचा पूर्ण अधिकार परत मिळायला १९११ साल उजाडले. बंद दाराचा हा इतिहास असा आहे की ते शेवटी उघडतेच, आणि उघडण्याच्या अटी बाहेरचा ठरवतो.

इथिओपियाचे उदाहरण तर युक्तिवादाच्या थेट विरोधात जाते. १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे सम्राट मेनेलिक दुसरा याने इटलीच्या सैन्याचा पराभव केला तो जगापासून लपून राहून नव्हे. त्याने युरोपातून बंदुका आणि तोफा वर्षानुवर्षे जमवल्या होत्या, त्यातल्या काही तर इटलीकडूनच. १८८९ मध्ये इटलीशी झालेल्या वुचाले तहाच्या सतराव्या कलमाचा अम्हारिक पाठ एक आणि इटालियन पाठ दुसरा आहे, हे उघड झाल्यावर त्याने युरोपातील राजांना पत्रे लिहून आपले सार्वभौमत्व जाहीरपणे सांगितले. परराष्ट्र व्यवहार हे त्याच्या हातातले तितकेच धारदार शस्त्र होते. पुढे १९२३ मध्ये राष्ट्रसंघाचा सदस्य होऊनही १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केले आणि राष्ट्रसंघ कुचकामी ठरला, हेही इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मोकळेपणा हे चिलखत नाही, आणि तसा दावा मी करत नाही.

राहिला शेवटचा आरोप : दार उघडले आणि संकटे आली. यातील थॅनॉस या परग्रहावरील खलनायकाच्या स्वारीचा भाग सहज बाजूला काढता येतो. अर्धे सजीव नाहीसे करणारी त्याची चुटकी साऱ्या विश्वावर पडणार होती. वाकांडाचा अदृश्य घुमट तिला अडवू शकत नव्हता. वाकांडाने लढाई आपल्या मैदानात घेतली ती थॅनॉसला हवा असलेला, व्हिजन या नायकाच्या कपाळातील मणी सुखरूप काढू शकेल अशी प्रयोगशाळा टी’चालाची बहीण शुरी हिच्याकडेच होती म्हणून, आणि ऐन लढाईत घुमटाचा एक भाग टी’चालाने उघडला तो शत्रू वेढा घालून मागून शिरू नये म्हणून, डोळसपणे.

२०२२ च्या दुसऱ्या चित्रपटातील आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो तिथल्या समुद्रतळीच्या राज्याचा राजा नेमोर याने स्वतः मांडला आहे. वाकांडाने व्हायब्रेनियमची कबुली दिली, म्हणून बलाढ्य राष्ट्रे त्याच्या शोधात निघाली. मालीतील वाकांडाच्या मदत केंद्रावर भाडोत्री सैनिक पाठवले गेले, अटलांटिकच्या तळाशी शोधयंत्र उतरवले गेले, आणि तालोकान या समुद्रतळीच्या राज्याचे गुपित त्याला न विचारता धोक्यात आले. टी’चालाने हा विचार केला नव्हता. तालोकानचे अस्तित्व त्याला ठाऊक नव्हते हे मान्य, तरीही आपल्याकडे असा धातू आहे असे सांगायचे आणि त्याच्या वापराची, वाटपाची, तपासणीची कोणतीही आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी करायची नाही, हा अर्धवटपणा होता. जगाने अणुऊर्जेसाठी १९५७ मध्ये निदान एक संस्था तरी उभी केली. वाकांडाने केंद्रे उघडली, पण धातूच्या प्रश्नावर पुन्हा जुनेच मौन धरले.

पण यावरचा उपाय म्हणून तालोकानकडे बोट दाखवणाऱ्यांनी तालोकान काय करतो तेही पाहावे. गुपित राखण्यासाठी तो शोधनौकेवरील माणसांना ठार करतो आणि ते यंत्र बनवणाऱ्या रिरी विल्यम्स या विद्यार्थिनीचा जीव मागतो, जिला आपण कोणाचे गुपित उघडे पाडले याची कल्पनाही नव्हती. वाकांडाने नकार दिल्यावर तो वाकांडाच्याच राजधानीत पाणी सोडतो आणि टी’चालाची आई, राणी रामोंडा हिचा त्यात अंत होतो. ओकलंडमधल्या त्या मुलाची गोष्टच पुन्हा घडते आहे : भिंत एकाची, आणि तिची किंमत मोजणारे दुसरेच. शेवटी हरलेला नेमोर आपल्या माणसांकडे परततो तेव्हा त्याच्या हिशेबात एक नवी बाब जमा झालेली असते. उद्या जमिनीवरची राष्ट्रे वाकांडावर उठतील तेव्हा वाकांडा मदतीसाठी आपल्याकडे वळेल, असे तो आपली सेनानी नमोरा हिला सांगतो, आणि शतकानुशतके कोणालाही माहीत नसलेले राज्य प्रथमच एका शेजाऱ्याच्या भरवशावर आपला पुढचा डाव मांडते.